आबांनी न घेतलेली आण

बसा भाऊ, गाडी यायला वेळ आहे. तोवर आमच्या जीवरामआबांची गोष्ट सांगतो, खोटं एक अक्षर नाही.

मी तेव्हा कापसाच्या सहकारी जिनिंगच्या जीपवर ड्रायव्हर होतो. चेअरमन लोटननाना, व्हाइस चेअरमन आबा. दोघांनी मिळून जिनिंग उभी केली. नाना बोलायचे, आबा करायचे. मीटिंगमध्ये आबांचा आवाज कोणी ऐकला नसेल, पण मशीन बंद पडली की गड्यांच्या शेजारी उकिडवे तेच बसलेले.

पंच्याण्णव साली मुंबईत सरकार बदललं आणि आमच्याकडची हवाच बिघडली. कोणी म्हणे बोर्ड बरखास्त होणार, कोणी म्हणे प्रशासक येणार. छगन म्हणून एक डायरेक्टर होता, तो नव्या लोकांना जाऊन मिळाला आणि त्यानं नानांवर अविश्वासाचा ठराव आणला. झालं. कोणता डायरेक्टर कोणाकडं चहा प्यायला, हे नाना मला विचारायला लागले. दोघं दाराशी हळू बोलताना दिसले की मुद्दाम खाकरायचे.

त्यात श्रावणात कानबाई, आमच्या खानदेशची देवी, आल्या. छगन आणि आबा एकाच कुळाचे, आणि त्या साली कानबाई नेमक्या छगनच्या घरी बसल्या. रोट म्हणजे कानबाईचा प्रसाद, आमच्याकडं कुळाचा विषय. प्रत्येक घराचं दळण त्यात पडतं, सगळे भाऊबंद एका पंगतीला बसून खातात, परक्याला तुकडा मिळत नाही. वर्षभर तोंड न बघणारेही त्या दिवशी येतात. नानांनी आबांना सांगितलं, या साली जाऊ नको. आबा गेले.

नानांनी मला मागं धाडलं. मी समोरच्या ओट्यावर बसलो. छगनची बायको सुंदरबाई चहा घेऊन आली आणि हसत म्हणाली, "पहारा करी राह्यना का रे भाऊ?" मी खाली बघितलं. दार उघडंच होतं. आबा पंगतीच्या या टोकाला, छगन त्या टोकाला. आबांनी खाल्लं, हात धुतले, कानबाईपुढं डोकं टेकलं आणि घरी गेले. तेवढंच मी नानांना सांगितलं.

नाना माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "तू बी रोट खाई उना का?"

म्हणजे मीही रोट खाऊन तिकडचा झालो, असं त्यांना वाटलं.

ठरावाच्या आदल्या दिवशी नानांनी आपल्या बाजूचे डायरेक्टर ऑफिसात बसवले. मी दाराशीच उभा होतो. सगळ्यांसमोर नाना म्हणाले, "जीवराम, तुना मनमा काही नही ना? मंग ले कानबाईनी आन."

आबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. म्हणाले, "नाना, मी रोट खाईसन उनू, मत दीसन नही उनू. पन खुर्चीसाठे कानबाईनी आन लेवाव नही." म्हणजे रोट खाऊन आलो, मत देऊन नाही, पण खुर्चीसाठी देवीची आण घेणार नाही.

"म्हंजे शे काहीतरी," नाना म्हणाले, म्हणजे मनात आहेच.

"तुमले वाटस तं शे."

तिथलाच कागद ओढून आबांनी डायरेक्टरपदाचा राजीनामा लिहिला. नाना तो फाडून टाकतील असं सगळ्यांना वाटलं. नानांनी तिथल्या तिथं मंजूर केला. आबा टोपी घालून सायकलवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी नाना एका मतानं पडले. छगन खुर्चीवर बसला, तोही वर्षभरच. मग खरोखरच प्रशासक आला.

नाना अजून म्हणतात, जीवराम रोट खाऊन फिरला. मी समजवायला गेलो की डोळे बारीक करतात, मला कोणी पाठवलं ते शोधत असतात. आबा जिनिंगकडं फिरकले नाहीत. हंगामात मशीनचा आवाज जरा बदलला की घराच्या ओट्यावर मान वर करून ऐकतात, मग पुन्हा विडी ओढायला लागतात.

तुम्ही त्यांच्याच गल्लीत चाललात ना? मग त्या ओट्यावर घडीभर टेका. आबा विचारणार नाहीत, तरी बोलता बोलता सांगा, नाना अंथरुणाला खिळले होते, आता बरं आहे, काठी धरून दारापर्यंत येतात. मी सांगितलं म्हणून मात्र सांगू नका.