आर्डिसला ऐकू न येणारं गाणं

मी एक जुना नाकतोडा आहे. जुना म्हणजे किती, तर जूनच्या पहिल्या आठवड्यात जन्मलो आणि आता सप्टेंबर संपत आला. हसू नका, मित्रांनो. आमच्यात एवढं वय झालं की आजोबा म्हणायला हरकत नसते. म्हणायला कुणी उरलेलं नाही, एवढीच अडचण.

नाकतोडा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येतो तो जाडजूड, आखूड मिशांचा, पिकं फस्त करणारा. तो मी नव्हे. मी असेन तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढा. पाठीवर तपकिरी पट्टा आहे, आणि मिशा अशा लांब की मी कुठे पोचण्याआधी त्या पोचलेल्या असतात. माझे कान पुढच्या पायांवर आहेत, गुडघ्यांच्या जरा खाली. पंख आहेत, पण नावापुरते. त्यांनी उडता येत नाही. एकमेकांवर घासून गाता मात्र येतं.

आयोवातल्या एका टेकाडावर पांढरं लाकडी चर्च आहे. त्याच्या दफनभूमीमागे अर्ध्या एकराचा गवताचा तुकडा आहे, त्याला आजवर नांगर लागलेला नाही. तेच माझं गाव. चहूबाजूंनी मका आणि सोयाबीन. ज्याला उडता येत नाही त्याला मक्याचं शेत म्हणजे समुद्रच. मी कधी पलीकडे गेलो नाही आणि पलीकडून कधी कुणी आलं नाही.

आईला मी पाहिलेलं नाही. गेल्या वर्षी तिनं गवताच्या काडीत अंडी ठेवली आणि पहिल्या कडाक्याच्या थंडीत ती गेली. सगळा हिवाळा मी त्या काडीत होतो, वर हातभर बर्फ. बाहेर आलो तेव्हा तांदळाच्या कणीएवढा होतो. वाढताना अंगावरची कात टाकावी लागते. मी ती पुन्हा पुन्हा टाकली आणि दरवेळी खाऊनही टाकली. नाक मुरडू नका, आमच्याकडे अन्न वाया घालवत नाहीत. एका भावाला कोळ्यानं नेलं. एका बहिणीला गांधीलमाशीनं डंख मारून लुळं केलं आणि जिवंतपणीच जमिनीतल्या बिळात ओढत नेलं. बाकीचे कुठे गेले ते मला कळलं नाही. गवत उंच असतं, आणि आमच्यात कुणी कुणाला सांगून जात नाही.

ऑगस्टमध्ये मला कंठ फुटला. कंठ म्हणजे पंखच, पण बोलायची रीत आहे. टिक, टिक, टिक, आणि मग एक लांब झीऽऽऽ. त्या अर्ध्या एकरात आम्ही तिघेच गाणारे होतो. एक पश्चिमेच्या तारेच्या कुंपणाशी, एक रानगुलाबाच्या झुडपाजवळ, आणि मी पूर्वेला. तोंडं आम्ही एकमेकांची कधी पाहिली नाहीत. पण कुंपणवाला थांबला की मी सुरू करायचो, मी थांबलो की गुलाबवाला. यालाच मी शेजार म्हणत होतो.

त्या गाण्यावर एकदा ती आली. आमच्यात नवरा नवरीला खाऊ देतो, तोही आपल्याच अंगातून काढून. मी दिला. तिनं तो शांतपणे खाल्ला, मग शेपटीच्या तलवारीसारख्या नळीनं माझ्या आसपासच्या सात काड्यांत अंडी ठेवली. पुढे ती पश्चिमेकडे निघून गेली. मला फार वाईट वाटलं. पण त्या सात काड्या होत्या, आणि त्या जूनपर्यंत उभ्या राहायला हव्या होत्या. त्यानंतर माझ्या जिवाला तेवढा एकच घोर होता.

आता माणसांकडे येतो. त्यांचं बोलणं मला कसं कळतं असं विचारू नका. गोष्ट ऐकायची तर एवढं पदरात घ्या.

दफनभूमीची देखरेख करते ती आर्डिस क्वामे. वय अठ्ठ्याहत्तर. तिचा नवरा ऑर्लन तिसऱ्या रांगेत पुरलेला आहे. त्यानंच तीस वर्षांपूर्वी चर्चच्या सभेत भांडून ठरवून घेतलं होतं, की जोवर या गवतात आमचं गाणं आहे तोवर इथे कापणीचं यंत्र फिरणार नाही. दर ऑगस्टअखेर तो आणि आर्डिस घडीच्या स्टुलांवर बसून आम्हाला ऐकायचे. तो गेल्यावर ती एकटी बसू लागली. गेली तीन वर्षं तिला गवतातून काहीच ऐकू आलं नाही. मग यंदाच्या वसंतातल्या सभेत तीच उभी राहिली आणि म्हणाली, "ते गेले." ऑक्टोबरात चर्चमध्ये लुटफिस्कचं जेवण असतं. तो खारात भिजवलेला मासा खायला तीन-तीन परगण्यांतून लोक येतात, का येतात ते त्यांनाच ठाऊक, आणि गाड्या लावायला जागा पुरत नाही. तेव्हा ठरलं की गवत कापायचं, काड्या गोळा करून जाळायच्या आणि जागा मोकळी करायची.

एका गुरुवारी यंत्र आलं. ते चालवणारी कार्ला, चाळिशीची, एरवी शाळेची बस चालवते. सोबत आर्डिस होती आणि तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन होता. व्हर्लिन पिकअपमधून उतरत नाही. काच खाली करतो आणि तिथूनच जगाला सल्ले देतो.

"तण काढायला तीस वर्षं लागली तुम्हाला," तो म्हणाला. "ऑर्लनलाही हसू येत असेल."

"तू नको बोलूस. तुला चर्चची घंटा ऐकू येत नाही."

"येते की. उठावंसं वाटत नाही."

आर्डिस हसली, पण बळेच. कार्लाला म्हणाली, "कुंपणाकडून सुरू कर गं. मी काही बघत थांबत नाही." कार्ला काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलं, आमच्याकडे पाहिलं, पुन्हा मिटलं आणि यंत्र सुरू केलं.

त्या दिवशी पश्चिमेचा अर्धा भाग रानगुलाबाच्या झुडपासकट कापून झाला. संध्याकाळी काड्यांचा ढीग जाळला. यंत्राचा आवाज थांबल्यावर मी गायलो आणि कुंपणवाल्याची वाट पाहिली. मग गुलाबवाल्याची. शुक्रवारी दिवसभर गायलो. गायचं, थांबायचं, ऐकायचं. मला वाटलं त्यांना थंडी बाधली असेल. खरं ते मला कळत होतं, पण मनाला समजावायला काहीतरी लागतंच ना.

शनिवारी यंत्र उरलेला भाग कापायला आलं. पूर्वेच्या कडेला वाऱ्यानं मोडलेली एक फांदी आडवी पडली होती. ती उचलायला कार्लानं यंत्र बंद केलं. माझ्या सात काड्या तिथून चार पावलांवर होत्या. अशा वेळी शहाण्या नाकतोड्यानं गप्प बसून गवताच्या मुळाशी उतरावं. मी गायलो. हे शौर्य नव्हतं, मित्रांनो, उगाच मला मोठेपणा देऊ नका. दोन दिवस कुणी उत्तर दिलं नव्हतं आणि मला राहवलं नाही, एवढंच.

आर्डिस कॉफीचा थर्मास आणि रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा घेऊन आली. कार्लानं कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"गोड कमी पडलंय का?" आर्डिसनं विचारलं.

"छे, छान झाल्यात वड्या."

"खाल्ली कुठे आहेस तू?"

"आर्डिस, एक विचारू का? राग नाही ना येणार?"

"विचार."

"म्हणजे तसं काही नाही. राहू दे."

"कार्ला!"

"नाही, तुम्ही ठरवलंय म्हणजे विचार करूनच ठरवलं असणार. मी मध्ये बोलणारी कोण? पण हा बिचारा इतका गातोय, आणि आपण त्याच्यावरनंच..."

"कोण गातोय?"

"हा काय. आत्ता. ऐका ना."

आर्डिसनं श्वास धरला. कानांवरचे केस मागे सारले. मी जीव तोडून गात होतो, तिच्या बुटापासून दोन हातांवर.

"आत्ता?" तिनं विचारलं.

"आत्तासुद्धा. आज एकटाच आहे. गुरुवारी तिघं होते."

गुरुवारी तिघं होते. माझ्या शेजाऱ्यांविषयी एवढंच बोललं गेलं. पण बोललं गेलं.

आर्डिस खाली गवतातच बसली. "आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षीही होते. मला दर वर्षी ऐकू येतात. फार बारीक आवाज असतो, पण येतो."

"अगं, मग एका शब्दानं सांगायचंस!"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. वाटलं, ऑर्लन गेल्यावर तुम्हाला नकोसे झाले असतील. तुम्ही सभेत उभ्या राहून म्हणालात, गेले. सगळ्यांनी माना डोलावल्या, तशी मीही डोलावली. लहानपणी चर्चच्या रविवारच्या वर्गात तुम्ही मला शिकवलंत. मी तुम्हाला चुकलात कसं म्हणू?"

इथली माणसं अशीच आहेत. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तरी आधी दार हळूच वाजवतील, आणि "जेवत तर नव्हता ना?" असं विचारतील. त्यांच्या या भिडेपायी माझे दोन शेजारी जळाले. मला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही.

"काय झालं?" पिकअपमधून व्हर्लिन ओरडला. "यंत्र बंद पडलं का?"

"यंत्र नाही," आर्डिस म्हणाली. "माझे कान."

"ते मी ख्रिसमसलाच सांगितलं होतं."

"तू कुठे सांगितलंस? तू तर लेफ्साची पोळी मागत होतास."

"तीनदा मागितली! तिसऱ्यांदा तू म्हणालीस, हो ना, बर्फ फारच पडलंय."

एरवी ती यावर खळखळून हसली असती. आता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मी ऑर्लनला सांगितलं," ती म्हणाली. "त्याच्या थडग्याच्या दगडाशी उभं राहून सांगितलं की ते गेले."

कार्ला तिच्याजवळ गुडघ्यांवर बसली. मग तिनं एक बोट वर केलं. मी थांबलो तेव्हा बोट खाली घेतलं. पुन्हा गायलो, पुन्हा वर. आर्डिस त्या बोटाकडे टक लावून पाहत राहिली. माझ्या आयुष्यात मला असं कुणी ऐकलं नव्हतं.

यंत्र परत गेलं. गाड्या रस्त्याच्या कडेला लावाव्या लागतील, लोक कुरकुरतील, आणि व्हर्लिन सर्वांत जास्त कुरकुरेल. सात काड्या उभ्या आहेत. पश्चिमेच्या राखेत अशा किती होत्या ते कुणाला माहीत नाही.

तेव्हापासून आर्डिस रोज दुपारी येते. कार्ला तेव्हा बसवर असते, म्हणून ती एकटीच स्टूल घेऊन बसते. बोट वर करणारं कुणी नसतं. "गातोयस ना रे?" ती विचारते. मी गात असतो, पण तिला तसं सांगायचा माझ्याकडे दुसरा काही उपाय नाही. तिला मी ऐकू येत नाही, आणि मला उत्तर देणारं गवतात कुणी नाही. अशी आम्ही दोघं तासभर बसतो.

मित्रांनो, एखादा आवाज तुम्हाला ऐकू येईनासा झाला, तर तो संपला असं एकट्यानं ठरवू नका. शेजारच्याला विचारा. आणि तुम्हालाच ऐकू येत असेल, तर भीड धरू नका, बोला. तुमची एक मान नको तिथे डोलली की आमचं अख्खं गाव जातं.

माझे दिवस भरत आले आहेत. थंडी वाढली की पंख जड होतात, झीऽऽऽ तुटक निघते. या आठवड्यात नाही तर पुढच्या, एका पहाटे गवतावर पांढरं दव गोठेल आणि माझं गाणं थांबेल. आर्डिसला ते कळणार नाही. ती दुपारी येईल, स्टूल मांडेल, विचारेल आणि बसून राहील. दुसऱ्या दिवशीही येईल. तेव्हा तुमच्यापैकी कुणीतरी तिच्याजवळ जा. तिच्या खांद्यावर हात ठेवा आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा, की तो आता गात नाही, तुम्ही घरी चला.