पायाखालची खापरी

मी एक जुनी, लंगडी खुर्ची आहे. मित्रांनो, हसू नका; माझा लंगडेपणा जन्माचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या आधी, एरंडोलजवळच्या एका खेड्यात कौतिक सुताराने मोडक्या बैलगाडीच्या बाभळीतून मला घडवले. हा बाबा हातापेक्षा तोंड जास्त चालवी. गप्पांच्या नादात माझा एक पाय आखूड कापला गेला.

शाळेतल्या छोट्या ओट्यावर मला मांडले. नाना मास्तर माझ्यावर बसत. सकाळी जो मुलगा आधी येई, तो माझ्या आखूड पायाखाली कौलाची खापरी सरकवी आणि मला हात लावून नमस्कार करी. या मानासाठी पोरे उजाडताच धावत येत. झुलाल बहुधा पहिला असे.

"नाना, खापरी ठेवेल शे. बठा," तो म्हणे.

आणि नाना खाली न पाहता बसत. मला केवढा अभिमान वाटे!

वर्षे गेली. दुसरे महायुद्ध सुरू झाले. आता झुलालचा मुलगा भिकन त्याच वर्गात होता. नाना थकले होते, नजर मंदावली होती. पहिले येण्याची हौस कुणाला उरली नव्हती. मागे शिट्ट्या वाजत, नानांच्या खोकल्याची नक्कल होई. एके दिवशी भिकनने खापरी काढून घेतली आणि मला ओट्याच्या अगदी कडेला सरकवले. नाना सवयीने बसले आणि माझ्यासकट खाली कोसळले. सारा वर्ग खदाखदा हसला. मी पडले लाकडाची, मला रडताही आले नाही.

"लागनं नही रे पोरेहो. पाढा म्हना," धोतर झटकत नाना म्हणाले.

झुलालच्या कानावर हे गेले. दुसऱ्या दिवशी तो भिकनला घेऊन शाळेत आला. त्याने मुलाला मारले नाही. गुडघे टेकून स्वतः खापरी ठेवली, मला नमस्कार केला. भिकनही मान खाली घालून नानांच्या पाया पडला.

"नाना, खापरी ठेवेल शे. बठा." झुलाल म्हणाला.

"तुन्हावर भरवसा शे रे, झुलाल," नाना म्हणाले. पण बसण्यापूर्वी ते हळूच वाकले आणि खापरी हाताने चाचपून पाहिली.

त्या दिवशी कोणी हसले नाही. पुढे भिकन रोज सर्वांआधी येऊन खापरी ठेवी, आणि नाना निवृत्त होईपर्यंत रोज वाकून पाहत.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, तुमचे मास्तर खाली न पाहता बसतात ना? तेवढे जपा.