योसेफचा साचा

“मावशी, यातून आता एकच मुंडकं निघंल. मग साचा फुटनारच,” नोहा म्हणाला. “तुमी न्हाई म्हनाल तर न्हाई.”

साचा माझ्या मांडीवर होता. माझ्या नवऱ्याच्या, योसेफच्या चेहऱ्याचा, प्लास्टरचा. ते गेल्यावर नोहानेच तो घरी आणून दिला आणि आजपर्यंत पुन्हा कुठल्याही सिनेमासाठी मागितला नव्हता. फोटो आहेत, पण ते सपाट. साचा आतून खोलगट असतो, तरी समोरून चाललं की चेहरा आपल्याकडे वळून बघतोय असं वाटतं.

नोहाचा स्टुडिओ भिंगारला, आमच्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाला. सिनेमासाठी ढाली, मूर्ती, खोटी प्रेतं. योसेफ तिथे सुतार. मी खोट्या डोक्यांत सुईने एकेक केस रोवायची. साच्यासाठी नाकात नळ्या घालून, तोंडावर प्लास्टर थापून निपचित पडायला कुणी तयार होईना, तेव्हा योसेफ पडले. मग काय, प्रत्येक लढाईत तेच मेलेले.

“मरिये, काल तुझा नवरा परत मेला गं! या टायमाला भाला लागला!” शेजारची बनुबाई भिंतीवरून ओरडायची.

“मेलेल्याला चहा टाक जरा,” योसेफ आतून म्हणायचे.

त्या शेडने आमची पोरं शिकली. योसेफ दवाखान्यात होते तेव्हा नोहा त्यांच्या उशाशी बसून असायचा. त्याला नाही कसं म्हणू?

“ने,” मी म्हणाले. “पन केस मीच रोवनार.”

स्टुडिओच्या सुप्यातल्या नव्या इमारतीत मुंडकं निघालं आणि साचा फुटला. तुकडे नोहाने स्वतः वेचले. मी भुवया रोवल्या. डावी थोडी विस्कटलेली, होती तशी.

मग स्टुडिओत कॉम्प्युटरवर लढाया रचणाऱ्या निकिताने त्या डोक्याचे चहूबाजूंनी फोटो घेतले आणि काही दिवसांनी मला कॉम्प्युटरसमोर बसवलं. नजर पोचेल तिथवर रणांगण, पडलेले सैनिक, स्पीकरमधून घोड्यांची टापटाप, आरोळ्या. कुणाला दाढी, कुणाच्या कपाळावर रक्त. सगळे योसेफ.

“आजी, यातला एक उठवू?” निकिताने हळूच विचारलं. “डोळे उघडून तुमच्याकडं बघतील. लगेच हुतंय.”

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. क्षणभर ‘उठव’ म्हणणारच होते.

“नको बाई,” मी म्हणाले. “लई दमून निजलेत. निजू दे.”

निकिताने हात पुढे करून लढाईचा आवाज बंद केला.