रंगूबाईच्या कमरेतली मज्जा

मी मज्जा बोलतेय. हाडाच्या पोकळीत राहणारी, मऊ, लालबुंद. मटणाच्या नळीतून तुम्ही माझ्या जातभाईंना चवीनं चोखलं असेल, पण आमचं काम काय ते कधी विचारलं नसेल. रक्त आम्ही तयार करतो. हृदय ते नुसतं फिरवतं आणि नाव त्याचं होतं!

आष्ट्याच्या रंगूबाईच्या कमरेच्या हाडात माझा जन्म झाला. तिच्या छातीत, फासळ्यांत, मणक्यांत माझ्या बहिणी आहेत, पण सगळ्यात मोठा संसार माझा. तांबड्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्या आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मी घडवायची. रंगूबाईनं उसाच्या मोळ्या उचलल्या, बाळंतपणं काढली. मी तिला कधी उणं पडू दिलं नाही.

शहात्तर साली तिच्या गर्भाशयाच्या तोंडाशी वाईट गाठ निघाली. सांगलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात किरणं सुरू झाली. पोटावर जांभळ्या शाईनं चौकोन आखला होता. किरणं तेवढ्यातच पडायची. तिचा एक केस गळला नाही, छातीतल्या बहिणींना झळ लागली नाही. पण त्या चौकोनामागे मी होते. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तशी माझी गत झाली. किरणांवर माझा राग नाही, ती गाठीसाठीच आली होती.

वरून कुणाला काही कळत नव्हतं. तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात. पूर्वी केलेल्या अजून फिरत होत्या, म्हणून चेहरा बरा दिसायचा. पांढऱ्यांचं आयुष्य फार थोडं. जुन्या संपत चालल्या आणि नव्या माझ्याकडून होईनात. बहिणींनी जादा काम उचललं. पण कर्त्या बाईनं अंथरूण धरल्यावर घर लगेच सावरतं थोडंच?

रक्त तपासून डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले, "लालासाहेब, गाठ छान विरघळतेय. पण पांढऱ्या पेशी फार उतरल्यात. थोडे दिवस किरणं थांबवू. घरी माणसांची गर्दी नको. आणि ताप आला तर थांबू नका, तडक इकडे आणा."

"व्हय साहेब," लालासाहेब म्हणाले. पलटणीतून पेन्शनीत आलेला माणूस, हुकूम पाळायची सवय. घरी दारात खुर्ची टाकून बसले आणि समाचाराला येणाऱ्यांना परत धाडू लागले.

रंगूबाईलाच ते सोसेना. "आवं, मी समद्यांच्या दुखण्यात गेलीया. आता माज्याच दाराला पहारा? लोक त्वांडात शेण घालतील!"

खुर्ची उठली. माणसं आली. मलकापूरची नणंद बनाबाई तर मुक्कामालाच आली, खोकत, नाक पुसत. तिनं रंगूबाईच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "वैनी, तोंडावर लाली हाय की! लय झ्याक दिसतीयास." ती लाली जुनी शिल्लक होती. मी कुणाला सांगणार?

मग ताप चढला. लालासाहेब लगेच उठले. "मी जीप बगतो."

"दादा, येवडी किरणांची लाईट घेतलीया," बनाबाई म्हणाली. "पोटाची कातडी बग कशी काळी पडलीया. अंगात उष्णता ऱ्हाणारच की. आदी ती काडू या."

तिनं तूप आणि काशाची वाटी आणली नि रंगूबाईचे तळपाय घासले. तळपाय काळेभोर झाले. तूप लावून काशानं घासल्यावर कुणाचेही होतात. पण घरादाराला उष्णता निघताना दिसली. लालासाहेबांनाही दिसली. जीप राहिली. बनाबाईच्या हातातली वाटी घेऊन ते स्वतःच घासायला बसले.

अजून घासताहेत. घशातून, छातीतून मला हाका येताहेत, माणसं पाठव, माणसं पाठव. कुणाला पाठवू? माझ्या घरात आता राखेशिवाय काही नाही. मी हरले आहे. गाठ जात होती हो! त्यासाठी मी जळाले, त्याचंही दुःख नव्हतं. लालासाहेब, ठेवा ती वाटी. तुमच्या पाया पडते, गाडी बघा.

"थंडी वाजतीया वो," रंगूबाई पुटपुटते.

त्यांनी तिच्या अंगावर गोधडी ओढली, तिची पावलं दोन्ही हातांत धरली आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

"बने," ते म्हणाले, "पाय गार पडलं बग. निगाली समदी उष्णता."