बटण न दाबलेले फोन

माझी धाकटी लेक पुनम सासरी गेली आणि तिच्या लग्नातली हळद माझ्या नखांतून अजून निघाली नव्हती, तेव्हाची गोष्ट. म्हणजे २०२३ सालचा मे महिना. मी जळगावच्या डाळ मिलमध्ये, शेटजींच्या केबिनमध्ये उभा होतो. समाधान नावाच्या इंजिनिअरनं कागदावर एक चौकोन काढला आणि त्याच्या वर एक ढग काढला.

"ढगावर फोन?" प्रेमराजशेठ म्हणाले. "अरे बाबा, आपल्याकडे आठ महिने ढगच नसतो. मग काय करायचं?"

समाधान हसला. तिशीचा होता, शिंदखेड्याचा. "शेठ, ढग म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेले कॉम्प्युटर. बाहेरचे फोन तिथं जातील. तिथून तुमच्या मोबाइलवर, धुळ्याच्या गोदामात, विक्रीवाल्यांकडे, पाहिजे तिकडे वळतील. आतले फोन मात्र मिलमधल्या जुन्या एक्स्चेंजच्या पेटीवरच राहू द्या. गेट, वजनकाटा, बॉयलर. नेट बंद पडलं तरी काट्यावरून गेटला फोन लागलाच पाहिजे. निम्मं घरात, निम्मं ढगात."

"आणि कोणता फोन कुठं, हे ठरवायचं कोणी?"

"ज्याला सगळ्या वायरी ठाऊक आहेत, त्यानं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिलमध्ये हमाल म्हणून लागलो होतो. अंगानं हलका, शिडीविना पत्र्यावर चढायचो, म्हणून वायरी ओढायला लावलं, आणि हळूहळू मिलच्या त्रेचाळीस फोनांचा माणूस झालो. समाधाननं आखलेले कागद माझ्या हातात दिले. फोन कुठं आहे, कोण वापरतं, काम काय, पेटीवर की ढगावर, आणि शेवटचा रकाना, माणूस लागेल का.

"झुलाल, तू लिहून दे," शेठ म्हणाले. "तू लिहिशील तसंच करू."

साठी उलटली होती माझी. तोवर कोणी मला काही लिहून मागितलं नव्हतं. छाती फुगवूनच मी केबिनच्या बाहेर आलो.

मी लिहायला शिकलो बेचाळिसाव्या वर्षी. शिकवलं धुरपदाबाईंनी. त्या पारोळ्याच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. एकतीस वर्षं मिलच्या फोन बोर्डावर बसल्या. बोर्डाच्या भिंतीवर सगळ्या फोनांची यादी चिकटवलेली होती. एकदा त्यांनी मला तेवीस नंबरची वायर बघायला सांगितली आणि मी यादीसमोर नुसता उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "झुलालभाऊ, बैस आठे. दार लाई ले."

दोन वर्षं रोज अर्धा तास शिकवलं. मी पहिला शब्द वाचला तो 'काटा'. मध्येच फोन वाजला की त्या एका हातानं जोडायच्या आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाटीवर बोट ठेवून असायच्या. मी समोर बसायचो म्हणून त्यांना उलटं वाचायची सवय झाली. त्यांनी हे मिलमध्ये कोणाला सांगितलं नाही. मीही नाही. माझ्या घरी सगळ्यांना वाटायचं, मला आधीपासून थोडंफार येत होतं.

कागद घेऊन मी गेटवर गेलो, काट्यावर गेलो, चाळणीच्या धुळीत गेलो. कोणीही समोर उभं असलं की मला लिहिता येत नाही, हात जड होतो आणि ओठ हलतात. म्हणून प्रत्येक ठिकाणी मी आडोसा शोधून लिहिलं. बेचाळीस फोनांच्या नोंदी झाल्या. बोर्ड मी मुद्दाम शेवटी ठेवला होता.

मी गेलो तेव्हा बाई बिजलाशी बोलत होत्या. बिजला सातपुड्याच्या पायथ्याचा. आसपासच्या चार पाड्यांची तूर गोळा करून आणायचा. स्वतःचा मोबाइल नव्हता त्याच्याकडे, दरवेळी कोणाचा तरी मागून फोन करायचा.

"बिजला का? आज कोना मोबाइल शे हाऊ?" बाई हसत होत्या. "देख, आज गाडी भरू नको. हमालस्नी सुट्टी शे. परवा सकाळे ये. आन तुनी माय दगडीबाईना पाय कसा शे? तेल लाय का?"

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "नही सांगं ते दोन दिन गेटवर उभा ऱ्हाता बिचारा. भाडं बी वाया जातं."

ही त्यांची कामं. कोणाची गाडी कधी भरायची, कोणत्या हमालाच्या घरी बाळंतपण आहे, कोणत्या व्यापाऱ्याला शेटजी 'नाहीत' म्हणून सांगायचं आणि कोणाला खरं सांगायचं. मी कागद त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्रेचाळिसावी नोंद लिहायला घेतली. तेवढ्यात समाधान आत आला आणि माझ्या खांद्यामागे उभा राहिला.

"काका, अक्षर तर भारी शे! कोणत्या शाळेत होतात?"

बाईंच्या कानाला पुन्हा फोन लागला होता, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"गावच्या," मी म्हणालो. "सातवीपर्यंत."

बाईंनी मान खाली घातली आणि फोन जोडला.

'काम काय' या रकान्यात सात ओळींची जागा होती. काय लिहायचं ते मला पक्कं माहीत होतं. बिजलाचंच लिहिलं असतं तरी पुरलं असतं. पण समाधान मागं उभा होता. सात ओळी लिहायच्या म्हणजे अर्धा तास, ओठ हलवत, थांबत थांबत. सातवी शिकलेल्या माणसाला एवढा वेळ लागत नाही. मी लिहिलं, 'फोन जोडणे'. शेवटच्या रकान्यात, माणूस लागेल का याच्यापुढे लिहिलं, 'नाही'. तेवढं पटकन लिहून होत होतं.

बाईंनी समोरून वाचलं. उलटं.

"रेघ वाकडी ऊनी, भाऊ," त्या म्हणाल्या. "सरळ कर."

"बाई तर मास्तरीणच दिसतात!" समाधान हसला.

मीही हसलो. आणि रेघ सरळ केली.

समाधानचं काही चुकलं नाही. कागदावर होतं तेच त्यानं केलं. शेटजींनी एकदा विचारलं, "बाईंचं काय करायचं रे?" मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं." ऑगस्टमध्ये नवीन फोन सुरू झाले. बाहेरून फोन केला की एक गोड आवाज बोलायचा, खरेदीसाठी एक दाबा, विक्रीसाठी दोन दाबा. काम चोख झालं होतं. रस्ता खोदताना केबल तुटली, दीड दिवस नेट नव्हतं, तरी मिलच्या आतला एकही फोन बंद पडला नाही. शेटजींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. बिजला त्याच महिन्यात हमालांच्या सुट्टीला भरलेली गाडी घेऊन आला आणि दोन दिवस गेटवर उभा राहिला. "बाई कठे शेत?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "गावी गेल्या."

नवीन फोन सुरू होण्याआधीच बाईंचं काम संपलं होतं. त्या निघाल्या त्या दिवशी शेटजींनी साडी आणि नारळ दिला. बाईंनी बोर्ड फडक्यानं पुसला. मी दारात उभा होतो. काहीतरी बोलायचं म्हणून मी माझ्या नव्या कामाचं सांगितलं. ज्यांनी फोन केला पण कोणतंच बटण दाबलं नाही, अशा नंबरांची यादी रोज सकाळी ढगावरून माझ्या मोबाइलवर येणार होती. ती वाचून मी त्यांना उलट फोन करायचा.

बाईंचा चेहरा उजळला. एकतीस वर्षं फोनवर काढलेली बाई. त्यांना ते माझ्या आधी कळलं.

"मंग मी मिलनाच नंबरवर लावसू," त्या म्हणाल्या. "बटन एक बी दाबनार नही. मना नंबर तुना यादीमा येई. तू वाची ले आन मंग माले फोन कर."

"अहो बाई, माझा मोबाइल नंबर आहे की तुमच्याकडे."

"मोबाइलवर लावं ते तू नुसता बोलशी. यादीमा ऱ्हायनं ते वाचशी." मग माझ्याच वहीत त्यांनी आपला नंबर लिहून दिला, मोठ्या आकड्यांत.

तसं झालंही. दिवाळीला यादीत त्यांचा नंबर आला, मी लगेच फोन केला. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला आला, तेव्हाही केला. "वाचं का? शाब्बास," एवढंच म्हणायच्या, आणि मग हवापाण्याचं. मी माफी मागायचं ठरवून फोन लावायचो आणि पावसाचं बोलून ठेवायचो.

दुसऱ्या वर्षी यादी लांब होत गेली. अक्षरं बारीक, निम्मे चुकून लागलेले फोन. मी आधी एक दिवस सोडला, मग आठवडा. कोणी विचारत नव्हतं. मोबाइलवर यादी यायची आणि मी बोटानं ती बाजूला सारायचो.

२०२५ च्या फेब्रुवारीत समाधान वर्षाची तपासणी करायला आला. मोठ्या पडद्यावर त्यानं सगळ्या याद्या उघडल्या.

"काका, हा नंबर बघा. जानेवारीत चार वेळा आलाय. सहा, अकरा, सोळा आणि वीस तारखेला. बटण एकदाही नाही. सगळी टेप ऐकतो, पुन्हा पहिल्यापासून ऐकतो, मग ठेवतो. एवढं ऐकून कोणी बटण दाबत नाही का? ओळखीचा आहे?"

मी एकेक आकडा वाचला. वही काढायची गरज नव्हती, तरी काढली.

तिथूनच फोन लावला. बाईंच्या भाच्यानं, नवलनं उचलला. मी नाव सांगितलं.

"आत्या गयी," तो म्हणाला. "तेरावं बी व्हयी गयं."

"मला कळवलं नाही रे."

"मी म्हनं होतं तिले, आत्या, त्यास्ना मोबाइलवर लाव. ऐकेच ना. खाटवर पडी पडी मिलना नंबर लावे. म्हने, नको, वाचं म्हंजे तोच फोन करी." मग म्हणाला, "शेवटला दिन म्हने, काम जास्त व्हई त्याले."

फोन ठेवला. समाधाननं आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो नाही.

"समाधान," मी म्हणालो, "मी शाळेत गेलोच नाही. मला त्या बाईंनी शिकवलं, त्या टेबलावर."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. त्यावर आता बारदानाचे नमुने ठेवलेले होते. त्यानं पडद्यावरचा नंबर तसाच राहू दिला.

तेव्हापासून मी यादी रोज वाचतो. खालपर्यंत.

धुरपदाबाई पारोळ्याला भावाच्या घरी २१ जानेवारी २०२५ ला, मंगळवारी सकाळी वारल्या.