लिफ्टमधून फिरणारं स्टूल

मित्रांनो, मी एक जुनं लाकडी स्टूल आहे. या उंच इमारतीच्या फाटकाशी, भिंतीला पाठ टेकून उभा असतो. माझा रंग उडालाय, एक पाय जरा आखूड आहे, त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तरी बसून बघा, मी कुणाला पाडलेलं नाही.

ही इमारत उभी राहत होती तेव्हाच माझा जन्म झाला. काँक्रीट ओतायला फळ्यांचे साचे करतात ना, त्यातल्या उरलेल्या फळ्या एका सुताराने उचलल्या आणि दुपारच्या सुटीत मला ठोकून काढलं. "राजाचं सिंहासन झालं बघ," असं म्हणून तो पहिल्यांदा माझ्यावर बसला आणि भाकरतुकडा खाऊन पुन्हा कामाला लागला. पुढे रंगाऱ्यांनी माझ्यावर चढून छतं रंगवली, वायरमनने दिवे लावले. लोक राहायला आले तेव्हा मी दारवानाच्या वाट्याला आलो. त्याला सगळी इमारत मामा म्हणते. मामा माझ्यावर बसायचे आणि मला उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात हलवायचे. सुखाचे दिवस होते.

एक गोष्ट मात्र मला कळत नसे. या इमारतीत माणसं इतकी दाटीने राहतात, की एकाने कांदा परतला तर समोरच्याला शिंक येते. मधोमध एक अरुंद चौक आहे, खालपासून गच्चीपर्यंत गेलेला. सगळ्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या त्यात उघडतात. कोण खोकलं, कुणाच्या हातून पातेलं पडलं, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं. पण कुणी कुणाला ओळखत नव्हतं! लिफ्टमध्ये शिरले की सगळे छताकडे बघायचे. मला वाटायचं, छतावर काहीतरी फार छान असणार. पुढे मी स्वतः पाहिलं. तिथे नुसता पंखा होता, तोही बंद.

मग ती साथ आली. शाळा, कचेऱ्या, दुकानं बंद झाली. रस्ता इतका सामसूम, की मामांची जांभईसुद्धा घुमायची. लिफ्ट म्हणजे हवाबंद डबी, तेव्हा ठरलं, की माणसांनी जिन्याने जायचं आणि लिफ्ट फक्त सामानाला आणि आजाऱ्याला. पण सामान जमिनीवर ठेवायला लोक कचरायला लागले.

"माझं स्टूल न्या," मामा म्हणाले. "मी काय, पायरीवर बसेन."

अशी माझी नोकरी बदलली. कुणी माझ्यावर दूध ठेवायचं, कुणी औषध, कुणी वाचून झालेलं पुस्तक. बटण दाबायचं आणि चौकात तोंड काढून ओरडायचं, "नववा मजला, पाठवलंय हो!" वरून आवाज यायचा, "पोचलं! पण आम्ही बटाटे मागवले होते, हे तर कुणाचे तरी बूट आहेत!" सगळा चौक हसायचा. ज्यांनी कधी एकमेकांचं नाव विचारलं नव्हतं, ते आता एकमेकांचे बूट ओळखू लागले.

सगळ्यात वरच्या मजल्यावर एक आजोबा एकटे राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेली, म्हणून सगळे त्यांना घड्याळआजोबा म्हणत. त्यांचा मुलगा दुसऱ्या शहरात अडकला होता. चौथ्या मजल्यावरच्या शिलाईमावशी मास्क शिवता शिवता त्यांच्यासाठी रोज डबा पाठवायच्या. एकदा आजोबांनी परतीच्या फेरीत माझ्यावर बुद्धिबळाचा पट मांडून पाठवला. एक पांढरं प्यादं पुढे सरकवलेलं. मावशींनी पट पाहिला, कमरेवर हात ठेवले आणि चौकात हाक दिली, "आजोबा, मी भावांना हरवून मोठी झालेय बरं! मागाहून रडायचं नाही."

"आधी जिंका तर खरं!" वरून उत्तर आलं.

झालं, त्या दिवसापासून पट माझ्या डोक्यावर आणि डबा माझ्या पायांमधल्या पट्टीवर. दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण भांडण मात्र जुन्या मित्रांसारखं. आणि सल्ला द्यायला अख्खा चौक! "घोडा काढा मावशी, घोडा!" "अहो, उंट मोकळा आहे, डोळे कुठायत?" सातव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईसुद्धा दवाखान्यातून थकून आल्या, की आधी विचारायच्या, "कोण जिंकतंय?"

एकच अडचण होती. आमची लिफ्ट मध्येच एक हिसका द्यायची. त्याने सोंगट्या सरकायच्या आणि मग वाद. शेवटी दोघांनी कायदा केला. एखादी सोंगटी विचित्र जागी दिसली, तर ती हिसक्याने गेली असं समजायचं आणि मुकाट्याने जागेवर ठेवायची.

पुढे आजोबांना साथीने गाठलं. ताप हलका होता, म्हणून डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरातच थांबायला सांगितलं. मावशी आता हातमोजे घालून एकेका सोंगटीला सॅनिटायझरची आंघोळ घालायच्या. खेळ चालूच राहिला.

आणि एका सकाळी पट खाली आला, तो आजोबांचा वजीर थेट मावशींच्या प्याद्यासमोर तिरका ठेवलेला! फुकटात मरायला. चौकात एकच गलका झाला.

"मारा मावशी, मारा! असा दिवस पुन्हा यायचा नाही!"

"छे," मावशी म्हणाल्या. "हिसक्याने सरकलाय. अशी आयती लूट मला नको." त्यांनी वजीर आधीच्या घरात परत ठेवला आणि मला वर पाठवलं.

मित्रांनो, मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. लिफ्ट हिसका देते ती वर जाताना. खाली येताना ती लोण्यासारखी येते. मी रोज तिच्यात असतो, मला नाही कळणार? पण माणसं लिफ्टमधून जायची तेव्हा छताकडे बघायची आणि आता तर जातच नव्हती, ती काय ओळखणार! आणि लाकडाला तोंड कुठे असतं?

वर दार उघडलं. आजोबा भिंतीला धरून आले. डब्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पटाकडे बराच वेळ बघत राहिले आणि वजीर उचलून पुन्हा त्याच घरात ठेवला. मग बटण शोधू लागले. ते समोर असूनही सापडेना.

चौथ्या मजल्यावर मावशींनी दार उघडलं. तोच वजीर, तीच जागा आणि खाली भरलेला डबा जसाच्या तसा.

"दोनदा दिला! आता तरी मारा!" चौकातून कुणीतरी ओरडलं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी फोन लावला. "आजोबा, बरे आहात ना?"

"एकदम ठणठणीत!" आजोबांचा आवाज अगदी आनंदी होता. "पण ताई, तुम्ही कोण? घड्याळ दुरुस्तीला टाकायचं असेल तर दुकान उद्या उघडेल."

मावशींनी फोन ठेवला. त्या चौकाकडे धावल्या. "डॉक्टरीणबाई! वर धावा! आजोबा भलतंच बोलतायत."

डॉक्टरीणबाईंनी अंगावर साथीतला तो पांढरा झगा चढवला. या आजारात कधी कधी रक्तातला प्राणवायू कमी होतो आणि माणसाला धाप लागलेलीही कळत नाही, नुसता गोंधळ उडतो, असं त्यांनी निघता निघता चौकातून मावशींना सांगितलं. त्या जिना चढून वर पोचल्या तोवर मावशींनी रुग्णवाहिका बोलावून मला लिफ्टने वर पाठवलं होतं. लिफ्ट निसटू नये म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला दारात आडवं घातलं. दार माझ्या बरगड्यांवर आपटत होतं, पण मी तसूभर हललो नाही. खाली मामा ओरडत होते, "लिफ्ट कुणी बोलावू नका रे!" आणि मजल्यामजल्यावरून तोच निरोप चौकात वर चढत होता.

आमची लिफ्ट एवढीशी, तिच्यात स्ट्रेचर मावेना. मग आजोबांना माझ्यावर बसवलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना खांद्याशी घट्ट धरलं. इतक्या वर्षांत माझ्यावर पुष्कळ माणसं बसली, पण इतकं हलकं आणि इतकं जड कुणी नव्हतं. खाली रुग्णवाहिका उभी होती.

पुढचे काही दिवस चौकात एकच प्रश्न फिरायचा, "आजोबा कसे आहेत?" मावशींनी माझ्यावरून उतरवलेला पट तसाच टेबलावर ठेवला आणि कुणाला हात लावू दिला नाही.

आणि एका दुपारी फाटकाशी गाडी थांबली. आजोबा स्वतःच्या पायांनी उतरले. सगळ्या खिडक्या टाळ्या वाजवू लागल्या. आजोबांनी मास्कवरून वर पाहिलं. "यातल्या मावशी कुठल्या? मी ओळखणार कशा?"

"इकडे बघा," जिन्याच्या दारातून आवाज आला. "ज्यांचा वजीर मी दोनदा खाल्ला नाही, ते तुम्हीच ना?"

"तेच मी!" आजोबा म्हणाले. "पण चाल ती चाल. मी ठेवला होता, तुम्ही माराच."

"आजारी माणसाची चाल मी धरत नाही."

"मग मी दान घेत नाही!"

मामा मध्ये पडले. "अहो, आधी बसा तरी!" आणि त्यांनी मला पुढे सरकवलं. आजोबा माझ्यावर बसून भांडू लागले. काय सांगू मित्रांनो, त्या भांडणासारखं गोड मी काही ऐकलेलं नाही.

आता साथ सरली आहे. लिफ्टमधून पुन्हा माणसं जातात, पण छताकडे कुणी बघत नाही, सगळे बोलत असतात. मी मामांकडे परतलो आहे. माझी एकच विनंती आहे. मला वाटलं तर रंग द्या, नाही तर राहू द्या. पण तुमच्या भिंतीपलीकडे राहणारं माणूस एखाद्या दिवशी रोजच्यासारखं वागलं नाही, तर काहीतरी कारण जोडून गप्प बसू नका. जा आणि दार वाजवा. आम्हा लाकडांना पाय असून जाता येत नाही. तुम्हाला येतं.