दही लागेपर्यंत

पैज लागली ती शुक्रवारी, फोनवर. गिरिधरच्या घरातला अकरा वर्षांचा संगणक गेली चार वर्षं चालू व्हायला सहा मिनिटं घेई. मेहुणा मुरली दुसऱ्या दिवशी तंजावरहून नवा घेऊन येणार होता आणि जुना भंगारात नेणार होता. हा संगणक गिरिधरनं एकेक भाग आणून स्वतः जोडलेला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याचं ऐकणारं घरात तेवढं एकच उरलं होतं, त्यामुळे तो हट्टाला पेटला. उद्या तुझं जेवण उरकायच्या आत हा मिनिटभरात चालू करून दाखवीन, नाही तर खुशाल ने, असं त्यानं सांगून टाकलं. दाखवलाच, तर नवा आल्या पावली परत जायचा. बायको नागलक्ष्मी पंच.

उपाय त्याच्या डोक्यात तयार होता. संगणक ज्यावर चालतो त्या लिनक्स प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांची सोय बघून बनवलेला असतो. आपल्याला नको ते त्यातून वगळायचं आणि मूळ कोडपासून तो घरीच कंपाइल करायचा, म्हणजे संगणकाकडून नव्यानं घडवून घ्यायचा, की भार हलका. शनिवारी सकाळी त्यानं गाभ्यात काय काय घ्यायचं त्या यादीतून शेकडो गोष्टी उडवल्या. जहाजावरची उपकरणं कुंभकोणमात कोणाला लागतात? नऊ वाजता यादी जतन केली. पुढे तीन तासांचं काम, आणि मुरली येणार एक वाजता. बेत फक्कड जमला होता.

तेवढ्यात नागलक्ष्मीनं स्वयंपाकघरातून बजावलं, की साडेदहापर्यंत राहुकाळ आहे, नवं काही सुरू करायचं नाही.

गिरिधरचा राहूवर विश्वास नव्हता. पण पैज लावून बसलेला माणूस उगाच धोका कशाला पत्करेल? त्यानं तोड काढली. काम करणार संगणक, आपण नव्हे, तेव्हा वेळ बघायची ती त्याची. त्यानं संगणकाचं घड्याळ मागे नेऊन सहा वाजवले, हात जोडले आणि कंपाइल सुरू केलं. पंखा घोंघावू लागला. राहूच्या डोळ्यांत धूळ फेकल्याच्या खुशीत स्वारी आंघोळीला गेली.

सव्वाअकराला येऊन बघतो, तर पडद्यावर त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा येत होत्या. मध्ये एक इशारा: यादीची वेळ भविष्यातली आहे. यादी नऊची आणि संगणकाच्या मते वाजले होते आठ. आपण केलेल्या कामापेक्षा यादी नवी दिसते, म्हणून तो पहिली पायरी परत करी, आणि करून पाहतो तर यादी अजून नवीच. बिचारा दोन तास जागच्या जागी धावत होता.

गिरिधरनं घड्याळ ठीक केलं, पुन्हा सुरुवात केली. पण आता अडीच वाजणार होते. पाऊणच्या सुमारास मुरलीचा फोन आला, गाडीनं कुंभकोणमच्या अलीकडचं सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन मागे टाकलं होतं. गिरिधर स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळं कबूल करून मोकळा झाला. त्याला खरंच रडू येईल असं वाटत होतं.

नागलक्ष्मी डाळ घोटत राहिली. मग आपल्या तंजावरी मराठीत म्हणाली, "राहूला फसिवणें तुम्हांस जमलें नाहीं. मुरलीला बसिवणें मला जमेल. दहीभात वाढल्यावांचून तो पानावरून उठणार नाहीं."

सव्वाला पान मांडलं. सांबारभात दोनदा झाला. मग तिनं अप्पळम्, म्हणजे पापड, तळायला घेतले, एका वेळी एक. रसम निवलं म्हणून पुन्हा तापवलं. गोविंदपुरम्‌च्या भजनाला कोण कोण आलं होतं ते नावानिशी सांगितलं. पायसमची तिसरी वाटी समोर आल्यावर मुरलीनं केविलवाणेपणानं दह्याची चौकशी केली. ते अजून लागलं नाही, असं कळलं. गिरिधर दर पाच मिनिटांनी पडदा बघून येई आणि दारातून नकारार्थी मान हलवी.

अडीचला त्याची मान जोरात होकारार्थी हलली. दही ताबडतोब लागलं.

दहीभात पुढ्यात असतानाच मुरलीनं डाव्या हातात मोबाइल धरून वेळ मोजली. एक्केचाळीस सेकंद. गिरिधरला नाचावंसं वाटलं. मुरलीनं हात धुतले आणि नव्या संगणकाचं खोकं उचललं.

"तें ठेव," नागलक्ष्मी म्हणाली.

गिरिधरनं तिला पैजेची आठवण करून दिली.

"पैज कोणीं जिंकली?" तिनं विचारलं. "चार वर्षें सहा सहा मिनिटें मीही बसलें. तें जुनें तुमचें, राहूं द्या. हें माझें."

तीही वाट बघत बसत होती, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तो मनापासून ओशाळला. खोकं त्यानंच आत नेलं, तारा त्यानंच जोडल्या. नवा सात सेकंदांत उघडला. गिरिधर हळूच म्हणाला, की ह्याचाही गाभा जरा हलका करता येईल.

नागलक्ष्मीनं त्याला पाठ फिरवून उभं राहायला सांगितलं आणि पासवर्ड घातला.